कॅल्सिटोनिनची वही

प्रश्न : धाकट्या भावाचं (४६) मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅल्सिटोनिन अजून २१० आहे. रेडिओआयोडीनही देत नाहीत. त्याच्या हातात किती वर्षं आहेत? – एक बहीण, सातारा

उत्तर : ताई, रिपोर्ट दोनदा वाचला. कॅल्सिटोनिन म्हणजे या कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात ते संप्रेरक. एकट्या २१० वरून वर्षं सांगता येत नाहीत. कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. माझ्या पेशंटांना मी सगळे आकडे तारखेसह वहीत उतरवून आणायला सांगते. आकडा दुप्पट व्हायला किती काळ लागतो, हे बघायचं. ६ महिन्यांच्या आत झाला तर काळजीचं; २ वर्षांहून जास्त लागत असतील तर माणसं वर्षानुवर्षं आपापला कामधंदा सांभाळून राहतात. तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, सोबत सीईए, म्हणजे या कॅन्सरचा माग दाखवणारी रक्ताची दुसरी तपासणी.

हा कॅन्सर थायरॉइडमधल्या, कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी-पेशींचा. त्या आयोडीन शोषतच नाहीत, म्हणून रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, हा उपचार नाही.

स्वतःबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. साधारण चारांतल्या एका रुग्णात हा आनुवंशिक असतो. भावाची रेट जनुकाची तपासणी करून घ्या. दोष निघाला तर तुमची आणि त्याच्या मुलांचीही, लगेच.