जुन्या सिटीला नवे एलईडी टेललाइट, आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : माझी २०१५ ची पेट्रोल होंडा सिटी आहे. २०१७ नंतरच्या सिटीचे एलईडी टेललाइट स्क्रॅपमध्ये चांगल्या स्थितीत मिळतायत. एक मेकॅनिक म्हणतो, वायरी कापून तासाभरात जोडून देतो. दुसरा म्हणतो, हात लावू नका. इंडिकेटर भराभर मारायला लागतो असंही ऐकलंय. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे आणि रोज रात्री हायवेने घरी येतो. काय करू? आरटीओला चालतं का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुसरा मेकॅनिक कामाला घाबरून नको म्हणत नसावा. कापलेलं वायरिंग सहा महिन्यांनी कुणाच्या दारात येतं, हे त्याने पाहिलेलं असणार. माझं मत सांगतो. दिवे बदलायला हरकत नाही, पण गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही. या अटीवर काम करून देणारा मिळाला तर करा. नाहीतर आहेत ते दिवे स्वच्छ पुसा, बल्ब नवे घाला आणि निवांत चालवा.

तुम्ही रात्रीचे हायवेवर असता म्हणून आधी फायद्याचं बोलतो. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. एलईडी त्याच क्षणी पेटतो. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तुमचा ब्रेक मागच्याला सुमारे साडेचार मीटर आधी कळतो. तुमची सिटी जवळपास तेवढीच लांब आहे. शिफ्ट सुटायच्या वेळी गोकुळ शिरगावजवळ पुढचा ट्रक एकदम ब्रेक दाबतो तेव्हा एका गाडीएवढं अंतर फार मोलाचं असतं. गाडी नवी दिसते म्हणून नाही, या अंतरासाठी खर्च करा.

आता बसण्याचं. तुमच्या पिढीची सिटी आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच बॉडीवर नवं रूप आलं. त्यामुळे दिवा खाचेत बसायची आशा चांगली आहे. तरी ऐकीव माहितीवर पैसे देऊ नका. स्वतःच्या गाडीचा एक दिवा काढा, दुकानात न्या आणि दोन्ही दिवे पालथे ठेवून बघा. बोल्टांची जागा, प्लास्टिकचे कान, रबरी गॅस्केटची कड, सगळं जुळलं पाहिजे. २०१७ च्या सगळ्याच सिटींना एलईडी दिवे नव्हते, वरच्या मॉडेलना होते, तेही विचारून घ्या. काचेच्या आत बाष्प किंवा पाण्याचा डाग दिसला तर तो दिवा परत ठेवा. आपल्याकडचा पाऊस बारीक भेगही शोधून काढतो, आणि एलईडीची पट्टी एकदा भिजली की बल्बसारखी बदलता येत नाही.

दिवा पालथा असतानाच आणखी एक बघा. मागे पिळून निघणारे होल्डर आहेत का? कंपनीच्या कित्येक एलईडी दिव्यांत टेल आणि ब्रेक एवढेच एलईडी असतात, इंडिकेटर आणि रिव्हर्सला साधा बल्बच असतो. तुमच्या हातातला दिवा तसा असेल तर इंडिकेटर भराभर मारायची चिंता सोडा. बल्ब तोच राहिला की भारही तोच राहतो.

इंडिकेटरही एलईडी असेल तर मात्र कारण समजून घ्या. जुना इंडिकेटर बल्ब २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर ओढणारा. एलईडी त्याच्या काही अंशच ओढतो. फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, वाटतं बल्ब उडाला, आणि ड्रायव्हरला कळावं म्हणून तो वेग वाढवतो. इंडिकेटरची रीतसर गती मिनिटाला ६० ते १२० इतकी. यावर बाजारात सर्रास मिळणारा इलाज म्हणजे ५० वॅट, ६ ओहमचा रेझिस्टर. सोनेरी रंगाची पट्ट्यापट्ट्यांची डबी असते ती. एलईडीने वाचवलेला करंट ही डबी उष्णता करून उडवते, आणि लांब वळणासाठी इंडिकेटर चालू राहिला तर हात लावता येणार नाही इतकी तापते. ती प्लास्टिकला, कार्पेटला किंवा वायरींच्या जुडग्याला टेप मारून बांधलेली मी डिक्यांमधून काढली आहे, खालचं प्लास्टिक वितळून खड्डा पडलेला. लावायचीच तर उघड्या पत्र्याला, स्क्रूने, वायरींपासून लांब. गाडीत वेगळा निघणारा फ्लॅशर असेल तर एलईडीला चालणारा फ्लॅशर घालणं त्याहून चांगलं, उष्णतेचा प्रश्नच राहत नाही.

आता जोडणी. ‘तासाभरात’ म्हणणारे बहुतेक निळा चिमटा-कनेक्टर वापरतात. पकडीने दाबला की आतली पितळी पात आवरण फोडून तांब्याला टेकते. त्या दिवशी सगळं पेटतं. एक पावसाळा गेल्यावर तो चिमटा उघडा. तांबं हिरवं पडलेलं असतं आणि नखाने खरवडलं तर भुगा होऊन गळतं. टेललाइट अधूनमधून जातो, खड्ड्यात आदळल्यावर परत येतो, आणि गाडी चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण दिवा त्याच्या पाठीमागे आहे. म्हणून माझा एवढा आग्रह.

नीट पद्धत अशी. स्क्रॅपवाल्याला सांगायचं, एलईडी दिव्यात शिरणारा गाडीकडचा कपलर (वायरींच्या टोकाचा प्लग) वीतभर वायरीसकट कापून दे. तिथेच एखाद्या फुटक्या जुन्या दिव्याचं होल्डरचं वायरिंगही घ्यायचं, कारण तुमच्या गाडीच्या कपलरमध्ये बसणारं टोक त्याला असतं. ही दोन टोकं एकमेकांना सोल्डर करायची, प्रत्येक सांध्यावर हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवायची. झाला तुमचा जोड-कपलर. उद्या गाडी विकायची झाली तर पाच मिनिटांत जुने दिवे परत. जुने दिवे मात्र जपून ठेवा, भंगारात देऊ नका.

कोणती वायर कशाची हे रंगावरून ठरवू नका, मॉडेल बदललं की रंगही बदलतात. मल्टिमीटर लावा आणि घरच्या कुणाला तरी एकेक स्विच दाबायला बसवा : टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स. बल्ब उलटसुलट कसाही पेटतो, एलईडीला प्लस-मायनस अचूक लागतं. अर्थिंग कच्चं असेल तर इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकतो. तसं झालं तर दिव्याला दोष देण्याआधी अर्थचा बोल्ट सोडवून पत्रा घासा. फ्यूज उडाला तर मोठा घालायचा नाही, चूक शोधायची.

आरटीओबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडक शब्दांत उचलून धरलं. कंपनीचाच मंजूर दिवा, त्याच जागी, त्याच रंगाचा असला तरी तो दुसऱ्या सालाचा आहे. तेव्हा दिवे विकत घेण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. काळपट काचेचे किंवा ब्रेक मारल्यावर लपलप करणारे बाजारू दिवे तर विचारातही घेऊ नका. त्यांतल्या कित्येकांना लाल रिफ्लेक्टरच नसतो. बॅटरी बसलेली गाडी रात्री रस्त्याकडेला उभी असते तेव्हा तिला वाचवणारी तेवढी एकच गोष्ट असते.

काम झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नका. भर दुपारी, ऊन दिव्यावर पडत असताना, पंधरा-वीस पावलं मागे उभे राहा. टेललाइट चालू ठेवून ब्रेक दाबायला सांगा. उजेडातली वाढ डोळ्यांत भरली पाहिजे. मग टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकदम. रात्री गाडी बंद करून परत बघा. दिवा मंद धुगधुगत असेल तर कुठूनतरी करंट झिरपतोय, गाडी परत न्या.

प्रश्न : अख्खा दिवा बदलण्यापेक्षा जुन्याच टेललाइटमध्ये एलईडी बल्ब घातला तर? माझी वॅगन-आर आहे, बल्ब बसतो असं दुकानदार म्हणाला.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बसतो, पण घालू नका. टेललाइटची आतली वाटी बल्बच्या तारेची जागा धरून बनवलेली असते. एलईडी बल्बचे ठिपके त्या जागी नसतात, त्यामुळे मधोमध एक झगझगीत ठिपका आणि बाजूला अंधार असं होतं. तिरक्या बाजूने येणाऱ्याला दिवा फिका दिसतो. जुन्या दोन तारांच्या बल्बमध्ये टेल ५ वॅट आणि ब्रेक २१ वॅट, हा फरक मागच्याला लगेच कळतो. स्वस्त एलईडी बल्बमध्ये दोन्ही जवळपास सारखेच पेटतात, मग तुम्ही ब्रेक मारलाय की नुसते दिवे लावलेत ते मागच्याला समजत नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला तर रंगही गुलाबट पडतो. चांगल्या कंपनीचा २१/५ चा साधा बल्ब घ्या, होल्डरच्या पिना बारीक पॉलिश पेपरने घासा. निम्म्या ‘मंद’ दिव्यांचं दुखणं तिथेच असतं.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला मागे एलईडी पट्टी लावावी म्हणतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भार येईल का?
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत याचा फार आनंद झाला. भाराची काळजी करू नका, बल्बपेक्षा कमीच करंट लागतो. पण पट्टी नको. ट्रॉलीच्या हादऱ्याने तिचे सांधे हंगामाच्या अर्ध्यातच सुटतात. ट्रक-ट्रेलरचे रबरात बसवलेले, पाणी न शिरणारे एलईडी टेललाइट मिळतात, १२ व्होल्टचे दोन घ्या. ते ट्रॉलीच्या मागे डाव्या-उजव्या टोकांना आणि चेसिसलगत खाली बसवा. मागच्या फळीवर वर लावले तर लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली, झाकले जातात. वायर लोखंडी नळीतून आणा, ट्रॅक्टरजवळ सात पिनांचं सॉकेट ठेवा आणि अर्थची वायर वेगळी ओढा. हुकाच्या लोखंडातून अर्थ घेतला तर दिवा लुकलुकतो. शिवाय मागे रुंदीभर लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर टेप मारा. टायर फुटून ट्रॉली ट्रॅक्टर सोडून रात्रभर रस्त्यावर उभी राहिली तर दिव्याला करंट मिळणार नाही, टेप तेवढी चमकेल. दर खेपेला कारखान्यावर ट्रॉली रिकामी झाली की ओल्या फडक्याने चिखल पुसून घ्यायला पोराला सांगा.