रॉक अँड रोलचा खरा जनक कोण, एल्विस की चक बेरी? आणि ही जुनी गाणी नव्याने ऐकायची तर सुरुवात कुठून करू?

दोघंही नाहीत. एल्विस तर नाहीच नाही. त्याची पहिली रेकॉर्ड जुलै १९५४ ची, आणि तिच्यावरचं 'दॅट्स ऑल राइट' हे गाणंसुद्धा आर्थर क्रुडपचं, त्याने १९४६ मध्ये रेकॉर्ड केलेलं. चक बेरीची पहिली रेकॉर्ड १९५५ ची. तोवर फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' (डिसेंबर १९४९ चं रेकॉर्डिंग) जुनं झालं होतं, आइक टर्नरच्या बँडने १९५१ मध्ये मेम्फिसला 'रॉकेट ८८' वाजवलं होतं, बिग मामा थॉर्नटनने 'हाउंड डॉग' १९५२ मध्येच गाऊन ठेवलं होतं. आणि या सगळ्यांच्या आधी सिस्टर रोझेटा थार्प ही बाई चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती. तिचं १९४४ चं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' आधी ऐका आणि मग एल्विसबद्दल बोलू. एकच जनक शोधायचा हा हट्टच मला पटत नाही.

इथेच थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की 'चक बेरीने एकट्याने गिटारवर हे सगळं उभं केलं असं वाचलं'. हे वाचून राहवलं नाही. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, बरीच वर्षं झाली, आणि हे 'एकट्याने केलं' प्रकरण मी फार जवळून बघितलंय.

जॉनी जॉन्सन हे नाव ऐकलंय का? नसेलच. सेंट लुईसचा पियानोवाला. त्याचं स्वतःचं त्रिकूट होतं, सर जॉन ट्रायो. १९५२ च्या थर्टी फर्स्टला त्यांचा ईस्ट सेंट लुईसच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये कार्यक्रम, आणि सॅक्सोफोनवाला ऐन वेळी आजारी पडला. मग जॉन्सनने ओळखीतल्या एका गिटारवाल्या पोराला बोलावून घेतलं. तो पोरगा चक बेरी. म्हणजे बेरी जॉन्सनच्या बँडमध्ये आला, जॉन्सन बेरीच्या नाही. पण बेरी बोलायला हुशार, स्टेजवर तुफान, गाडी त्याच्याकडे, धंद्याची अक्कल त्याच्याकडे. बघता बघता बँड बेरीचा झाला आणि जॉन्सन त्याच्या मागे जाऊन बसला. त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही म्हणे, काम वाढलं ना.

१९५५ च्या मे महिन्यात ही मंडळी शिकागोला चेस या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. बेरीला वाटत होतं की 'वी वी अवर्स' हे संथ ब्लूज चालेल, पण कंपनीच्या लिओनार्ड चेसला आवडली ती 'आयडा रेड' या जुन्या कंट्री गाण्यावरून केलेली चीज, तिचंच पुढे 'मेबेलीन' झालं. 'वी वी अवर्स' गेलं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. आता तुम्ही हेडफोन लावून ती मागची बाजू ऐका. बेरी गातोय ठीक आहे, पण गाणं चालवतंय कोण? गाण्याची ओळ संपली की पियानो उत्तर देतो, ओळ सुरू व्हायच्या आत जागा करून देतो, आपल्याकडे चांगला पेटीवाला गायकाला सोडत नाही पण आडवाही येत नाही, अगदी तसं. त्याला 'मागे कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरून बसणं' म्हणणाऱ्या माणसाला संगीत कळत नाही, स्पष्ट सांगतो.

आता ज्यावरून माझं भांडण झालं ते सांगतो. बेरीची ती गाजलेली गाणी कुठल्या पट्टीत आहेत, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या पट्टीला सा धरलाय, ते बघा. 'मेबेलीन' काळी पाच. 'जॉनी बी. गुड' काळी पाच. 'रोल ओव्हर बीथोव्हन' काळी दोन. कुठल्याही गिटारवाल्याला विचारा, तो गाणं बसवायला घेतो तेव्हा आपणहून या पट्ट्या घेईल का? गिटारवाला घेणार पांढरी तीन, नाहीतर पांढरी सहा, जिथे मोकळ्या तारा मिळतात. काळी पाच आणि काळी दोन या पियानोवाल्याच्या आणि सॅक्सोफोनवाल्याच्या पट्ट्या. हे माझं संशोधन नाही, रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स हेच सांगत आला, आणि तो स्वतः बेरीचा परमभक्त.

आणि पियानोवर हे का सोयीचं ते बोटांना कळतं. काळी पाच सा धरा. कोमल गंधार येतो काळी एकवर, शुद्ध गंधार तिच्याच शेजारी पांढरी दोनवर. बूगीमध्ये, म्हणजे पियानोच्या त्या नाचऱ्या ब्लूज ढंगात, सगळी मजा या दोन गंधारांच्या मधली, कोमलचा कण घेऊन शुद्धवर यायचं. काळ्या पट्टीवरून एकच बोट नुसतं घसरवलं की ते पांढरीवर उतरतं, वेगळं काही करावं लागत नाही. काळी दोन सा घेतला तरी तसंच, काळी तीनवरून पांढरी पाचवर. पण पांढरी सहा सा घेऊन बघा, कोमल गंधार पांढरीवर आणि शुद्ध गंधार काळीवर, बोट खालून वर घसरतच नाही. पेटी शिकलेल्याला हे दोन मिनिटांत पटेल, मी स्वतः पेटीवरूनच आलोय, वडील भजनाला साथ करायचे.

तर आमच्या ऑर्केस्ट्रात एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी जुनं इंग्रजी एक तरी घ्या अशी फर्माईश आली आणि 'जॉनी बी. गुड' ठरलं. रिहर्सलला गिटारवाला म्हणाला पांढरी सहामधून घेऊ. मी म्हटलं मूळ काळी पाच आहे, तीच घे, गायकालाही चालतेय. तो तयार होईना. आमचे चालक, नाव घेत नाही, त्यांनी मला सांगितलं, 'तुला काय फरक पडतो, ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण दाब ना, आणि तू नुसते कॉर्ड धरून ठेव, लोक गिटार बघायला येणार आहेत.' बटण मी दाबलं, बटणाने बोटांचं काम भागतं हे मलाही माहितीये. पण मी त्यांना जॉन्सनचं सगळं सांगितलं, की बाबांनो हे गाणं ज्या पट्टीत आहे ते पियानोमुळे आहे, तुम्ही पियानोलाच म्हणता गप्प बस. त्यावर ते जे बोलले ते अजून डोक्यात आहे. म्हणाले, 'पीस (मधले वाद्यांचे तुकडे) बसवले म्हणजे गाणं केलं असं होत नाही. उद्या तू म्हणशील मेडली पण तुझीच.'

आणि मेडली माझीच होती हो. दोन गाण्यांच्या मधले सगळे तुकडे, कुठे ताल बदलायचा, कुठल्या गाण्यातून कुठल्या पट्टीत शिरायचं, व्हायोलिनवाल्याला काय लिहून द्यायचं, रात्री जागून मी बसवलं. कार्यक्रमाच्या बॅनरवर 'संगीत संयोजन' म्हणून नाव चालकांचं. पैशाचं मी कधी बोललो नाही, पण नाव? त्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं तर म्हणे वाजवणाऱ्याने वाजवावं.

म्हणून जॉन्सनच्या केसबद्दल वाचलं तेव्हा मला कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच पडला नाही. नोव्हेंबर २००० मध्ये त्याने बेरीवर दावा लावला, की पन्नासच्या वर गाण्यांच्या चाली दोघांनी मिळून केल्या, तो पियानोवर आणि बेरी गिटारवर बसून, आणि कागदावर नाव मात्र फक्त बेरीचं. २००२ मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला, फार उशीर झाला म्हणून. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांचं आता काय, असं. जॉन्सन २००५ मध्ये गेला.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच आहे. 'मेबेलीन' बाजारात आलं तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून बेरीबरोबर आणखी दोन नावं होती, अ‍ॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो. फ्रीड रेडिओवर रेकॉर्डी लावणारा मोठा माणूस, त्याने त्या गाण्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, पण त्याने ते वाजवावं म्हणून त्याचं नाव घुसवलं. बेरीला ती दोन्ही नावं काढून टाकायला १९८६ साल उजाडलं. म्हणजे आपल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं की काय वाटतं हे या माणसाला तीस वर्षं पुरेपूर माहीत होतं! आणि त्याच १९८६ मध्ये, बेरीच्या साठीनिमित्त सेंट लुईसला मोठा कार्यक्रम ठरला तेव्हा कीथ रिचर्ड्सने आग्रह धरून जॉन्सनला पियानोवर आणलं. त्या काळात जॉन्सन काय करत होता? म्हाताऱ्या लोकांना नेणारी बस चालवत होता. त्यानंतर कुठे जगाने त्याला विचारलं, २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेही साथीदारांच्या वर्गात.

बस चालवण्यावरून आठवलं, रूथ ब्राऊनचंही तेच. १९५० च्या आसपास अटलांटिक ही रेकॉर्ड कंपनी जिच्या गाण्यांवर उभी राहिली ती ही गायिका, पुढे पोटासाठी काय काय कामं केली तिने. पण ती गप्प बसली नाही, रॉयल्टीसाठी भांडली आणि तिच्या भांडणातून १९८८ मध्ये जुन्या कलाकारांसाठी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. मला ती गाण्याइतकीच या भांडणासाठी मोठी वाटते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून. माझं मत, गायकाच्या नावाने ऐकूच नका, वाजवणाऱ्याच्या नावाने ऐका. न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर अर्ल पामर घ्या. कोसिमो मटासाच्या स्टुडिओत बसून याने 'द फॅट मॅन' वाजवलं, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सोडला नाही. तिथल्या जुन्या जाझमध्ये असा ठोका शेवटच्या फेरीत यायचा, पामरने तो गाणंभर ठेवला. मग त्याच स्टुडिओत सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्ड आला 'तुटी फ्रुटी' घेऊन. रिचर्ड उजव्या हाताने पियानोवर एका मात्रेत दोन सरळ ठोके मारत सुटायचा, जराही न झुलवता, आणि पामरनेच सांगून ठेवलंय की त्या उजव्या हाताला गाठायला गेलो म्हणून माझं वाजवणं बदललं. सगळं जग ज्याला रॉकचा ठेका म्हणतं तो असा दोन माणसांच्या ओढाताणीतून आला. लागोपाठ 'द फॅट मॅन', 'तुटी फ्रुटी' आणि 'लुसिल' ऐका, फक्त ड्रमकडे लक्ष ठेवून, फरक कानाला कळेल.

दुसरा धागा म्हणजे सॅक्सोफोन वाजवणारा गायक लुई जॉर्डन याचा गिटारवाला कार्ल होगन. १९४६ चं 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' लावा आणि पहिले काही सेकंद ऐका. 'जॉनी बी. गुड' ची ती जगप्रसिद्ध सुरुवात, जवळजवळ सूर न् सूर, बारा वर्षं आधी! बेरीने होगनचं ऋण मान्य केलं होतं, ते त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आपल्याकडेही हा वारा आलाच की, आपल्या सी. रामचंद्रांचं 'इना मीना डिका' १९५७ चं, म्हणजे लिटल रिचर्ड ऐन भरात असतानाचं. आणि नावाचा प्रकारही आपल्याकडे तोच. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी गोव्याची मंडळी मुंबईत बसून हिंदी गाण्यांचं वाद्यवृंदाचं काम लिहायची, पडद्यावर नाव बऱ्याचदा नाहीच, आलं तर सहाय्यक म्हणून बारीक अक्षरात. रेडिओवर तर कधीच नाही.

तुम्ही स्वतः कुठे वाजवत असाल तर एक सल्ला न विचारता देतो. तुकडा बसवायच्या आधी नावाचं बोलून घ्या, जमलं तर लिहून घ्या, मैत्रीत असलं काय मागायचं म्हणून गप्प राहू नका. जॉन्सनही मैत्रीतच गप्प राहिला होता. आणि आमचे चालक हे वाचत असतील, वाचतात ते, तर त्यांना एवढंच, पीस बसवणं म्हणजेच गाणं करणं असतं कितीतरी वेळा, आणि तुम्हालाही ते माहीत आहे.

काही गोष्टी राहिल्या, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सुनावेल. बेरीचे शब्द पूर्ण बेरीचे, त्यात जॉन्सनचा वाटा नाही आणि जॉन्सनने तसं म्हटलंही नाही. गाड्या, शाळा, पोरापोरींची भाषा, असं त्या काळात दुसरं कुणी लिहीत नव्हतं. कोर्टाने जॉन्सन खोटा आहे असंही म्हटलेलं नाही आणि खरा आहे असंही नाही, मुदतीवर केस गेली. एल्विसबद्दल मी वर कडक बोललो, पण त्याने स्वतः १९६९ मध्ये पत्रकारांसमोर फॅट्स डॉमिनोकडे बोट दाखवून खरा राजा हा आहे असं सांगितलं होतं, त्याच्या भक्तांनाच ते आठवत नाही.

आणि 'जॉनी बी. गुड' मधल्या जॉनीचं नाव बेरीने जॉन्सनवरून घेतलं हे खरं, पण त्या १९५८ च्या रेकॉर्डवरचा पियानो जॉन्सनचा नाही, लाफायेट लीकचा आहे. भलेभले इथे चुकतात, आमच्या गिटारवाल्यालाही मीच सांगितलं. लीकचं आणखी काम ऐकायचं असेल तर चेस कंपनीच्या त्या काळातल्या ब्लूज रेकॉर्डी काढा, त्याचा पियानो त्यांत जागोजागी सापडेल.