आधी षड्ज शोध

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गायिका केसरबाई केरकरांची जुनी तबकडी लावून तू मोबाइलवरचं ट्यूनर ॲप समोर धरलंस, सुई कुठेच हिरव्यात थांबेना, आणि आता मला विचारतेस की बाई बेसूर होत्या का. केरीच्या बाईंबद्दलचा हा प्रश्न फोंड्यात मोठ्याने विचारू नकोस, एवढीच विनंती.

ते ॲप काय मोजतं ते आधी बघ. त्याने 'ए' हा स्वर सेकंदाला 440 कंपनांवर बांधलाय आणि सप्तकाचे 12 सारखे तुकडे पाडलेत, प्रत्येक तुकडा 100 सेंटचा. हा 440 काही वेदकाळापासून चालत आलेला नाही. 1859 मध्ये फ्रान्सने 435 ठरवला होता. 440 वर 1939 साली लंडनच्या परिषदेत एकमत झालं आणि 1955 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. जुन्या घडणीच्या वाद्यांवर बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवणारे आजही बहुधा 415 धरतात, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे 'सा', गळा ठरवतो. पेटीवर बघितलं तर कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी चार, कुणाचा दोन पट्ट्यांच्या मधोमध. सुईला यातलं काही ठाऊक नाही.

त्याहून मोठी गोम गंधाराची, म्हणजे 'ग'ची, आहे. तुझा तंबोरा नीट मिळालेला असेल तेव्हा खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या 'सा'ची, तार छेड आणि नाद विरेपर्यंत कान दे. कुणी न लावलेला गंधार त्यातून वर येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो षड्जापासून 386 सेंटवर असतो. ॲपचा, पियानोचा आणि तुझ्या घरच्या पेटीचा गंधार 400 वर. म्हणजे तंबोऱ्याशी एकजीव झालेला शुद्ध गंधार लावलास की सुई 14 सेंट डावीकडे जाणार आणि तुला 'उतरलीस' म्हणून सांगणार. उतरलेली तू नाहीस. पेटीचा असाच जाच नको म्हणून 1940 मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती. ती बंदी मला अतिरेकी वाटते, पण कारण खोटं नव्हतं.

आता तबकडीचं. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांवर कापलेल्या नसत. 74 वर कापलेली तबकडी 78 वर फिरवली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, तान धावायला लागते, आवाज बारीक होतो. इंटरनेटवर चढवणारे सगळेच हे तपासत नाहीत. म्हणून एकाच गायिकेच्या चार-पाच तबकड्या लागोपाठ ऐक. एकीत 'आ'कार चिमटल्यासारखा आणि तान घाईची वाटली, तर गळ्याच्या आधी वेगावर संशय घे.

तू जॅझकडे वळलीस याचा आनंद आहे. त्यात परकं असं काही नाही. आपल्याकडच्या पाद्रींच्या शाळांतून सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकलेल्या गोंयकारांनीच मुंबईच्या जॅझ बँडांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत जागा भरल्या. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डपासून सुरुवात कर. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये त्याची पहिली बाजू ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर बाजारात आलेली रेकॉर्ड मूळ वादनापेक्षा चढी वाजायची. बरोबर वेगाची दुसरी टेप जपून ठेवलेली होती. तिच्यावरून 1992 मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. इतकी वर्षं लोकांनी चढीच रेकॉर्ड ऐकली आणि तिच्यावर जीव टाकला. का? सगळेच स्वर सारखे चढले होते, त्यांचं आपसातलं अंतर जागच्या जागी होतं.

त्यातलं पहिलंच 'सो व्हॉट' लाव. त्याचा साचा म्हणजे आपला काफी थाटच समज, 'ग' आणि 'नी' कोमल, बाकी शुद्ध. आधी ट्रम्पेट ऐकू नकोस. खालचा बास धर, तो 'डी' दाखवतो, त्याला षड्ज मानून हळू गुणगुणत राहा. 16 बार (चार-चार मात्रांचे खंड) असं चालेल. मग अख्खा षड्ज अर्धा स्वर वर सरकतो, काफी तोच. 8 बारांनंतर पुन्हा खाली. तू जुन्याच षड्जावर अडून बसलीस तर त्या 8 बारांत तुला सगळेच बेसूर वाटतील. ही उडी गळ्याने पकडता आली की मग सॅक्सोफोनकडे जा. तिथे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे ओठाने दाबून काढलेला स्वर सापडेल. पियानोवाल्याला ती सोय नाही, म्हणून तो कधी शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो. ॲपवर यातलं काहीच हिरवं होणार नाही.

रोजचं काम एवढंच: जे लावशील त्याचा षड्ज आधी तोंडाने म्हण, मग तंबोऱ्यावर मिळव, मग ऐक. ॲप पुसून टाक असं मी म्हणत नाही. तंबोरा लावण्याआधी तुझी पट्टी बघायला ते चांगलं आहे, पुढे फोन उलटा ठेव.

आणि तंबोऱ्याकडे लक्ष दे. आपल्या पावसात लाकूड दमट होतं, खुंट्या कधी फुगून अडतात, कधी सुटतात. आधी जोड, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारा, मिळव, मग पंचम, शेवटी खर्ज. खुंटीने जवळ आण, तारेतल्या मण्याने नेमकं कर, आणि तारेखालचा जव्हारीचा दोरा केसभरच हलव. तरीही आवाज बोदा आला तर तारा टेकतात त्या घोडीवर कानस घेऊन बसू नकोस. चतुर्थीनंतर मिरजेला कुणी जाणार असेल तर आपण तो कारागिराकडे पाठवू. गवसणी मात्र नवी शिवून घे.

तुझा,
मास्तर