वाचकांचे प्रश्न : लेक जवळ येईना

प्रश्न : दिवाळीच्या सुमाराला आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला गेलो. 2 वर्षांची लेक आजीपाशी होती. आता परतलोय, तर ती तोंड फिरवते. माया तुटली का? (एक आई, बीड जिल्हा)

उत्तर : नाही ताई, तुटलेली नाही. साधारण 7-8 महिन्यांपासून तिसऱ्या वर्षापर्यंत मूल ठरावीक माणसांनाच घट्ट धरतं. ते माणूस दिसेनासं झालं की आधी आकांत करतं, मग गप्प होतं, अन् परत भेटलं की परक्यासारखं वागतं. ती विसरली नाही, दुखावली आहे.

ओढून कडेवर घेऊ नका. आजीच्या शेजारी बसा. अंघोळ, घास, निजवणं यातलं एक काम रोज तुम्ही करा. पुढं ती चिकटेल, रात्री उठून शोधेल. तेव्हा ‘लाडावली’ म्हणून झिडकारू नका. विश्वास परत येतोय, तो असाच येतो.

पुन्हा जावं लागलं, तर 15 दिवस आधीपासून निजवणं आजीकडे सोपवा. झोपेत सोडून चोरून निघू नका. मग मूल झोपायलाच भितं. तुमची वापरलेली साडी पांघरायला ठेवा, ठरल्या वेळी फोन करा. सांभाळणारं माणूस मात्र मध्येच बदलू नका, घात तिथंच होतो.