घरी डिस्प्ले बदलल्यावर टच बिघडला? दुसरा कॉम्बो मागवण्याआधी हे बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. रेडमीचा फोन, फुटलेला डिस्प्ले तुम्ही घरीच बदललात. चित्र स्वच्छ दिसतं, पण कीबोर्डची खालची ओळ दबत नाही आणि चार्जिंगला लावला की फोन आपोआप ॲप उघडत सुटतो. पार्ट विकणारा म्हणतो, चिकटवलेला माल परत घेणार नाही, म्हणून तुम्ही दुसरा कॉम्बो (डिस्प्ले आणि टचची काच एकत्र जोडलेला पार्ट, त्यालाच पॅनलही म्हणतात) मागवायला निघाला आहात. जरा थांबा. या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि दोन्हींत पॅनल निर्दोष निघण्याची बरीच शक्यता आहे.

सगळ्यात आधी डेटा वाचवा. टच अर्धवट चालतोय तोवर ओटीजी ॲडॅप्टरला (फोनच्या चार्जिंग पिनमध्ये यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) साधा यूएसबी माउस लावा. स्क्रीनवर बाण दिसतो आणि फोटो, कॉन्टॅक्ट, चॅट सगळ्याचा बॅकअप निवांत घेता येतो. उद्या टच पूर्ण गेला तरी पासवर्ड टाकायला हाच माउस उपयोगी पडेल.

आता बिघाड नेमका कुठे आहे ते बघू. टेम्पर्ड ग्लास आणि पॅनलवरची फॅक्टरीची फिल्म काढा. अबाउट फोनमध्ये एमआययूआय व्हर्जनवर (नव्या फोनांत ओएस व्हर्जनवर) सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा आणि बोट वरून खाली, मग आडवं, सावकाश ओढा. रेघ एका सरळ पट्ट्यात सगळीकडे तुटत असेल तर टचची एखादी लाइन तुटली आहे, म्हणजे कनेक्टरचा संपर्क नीट नाही किंवा पॅनल गेलं आहे. फक्त कडेला तुटते आणि काच हलकेच दाबली की जुळते, असं असेल तर दोष बहुधा बसवण्यात आहे. फ्रेमच्या खाचेत जुना गोंद राहिला असेल, फ्रेम किंचित वाकली असेल, किंवा बॅटरी फुगून मागून ढकलत असेल. फुगलेली बॅटरी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती बदला.

चार्जिंगच्या वेळचा घोस्ट टच, म्हणजे बोट न लावता आपोआप होणारा टच, मात्र वेगळ्या पद्धतीने तपासायचा. पिन काढली की लगेच थांबतो का? दुसऱ्या, कंपनीच्या चार्जरवर आणि पॉवर बँकेवर लावून बघा. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट टचला बोटासारखाच वाटतो. चांगल्या चार्जरवरही फोन तसाच वागत असेल तर अर्थिंगकडे वळा. जुन्या पॅनलच्या मागे पट्टीपाशी (पॅनलला बोर्डाशी जोडणारी चपटी केबल) तांबूस किंवा काळी कंडक्टिव्ह टेप होती का ते बघा. ती पॅनलला फ्रेमशी अर्थ करते. घरी बदलताना ती बऱ्याचदा जुन्या पॅनलवरच राहून जाते. असेल तर सोडवून नव्यावर त्याच जागी लावा.

फोन उघडताना तो बंद करा आणि पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच डिस्प्लेचा. वीज चालू असताना कनेक्टर तिरका झाला तर बॅकलाइटची लाइन शॉर्ट होते आणि टचसोबत उजेडही जातो. कनेक्टर भिंगाखाली, टॉर्च तिरपी धरून बघा. डिस्प्ले चिकटवायच्या बी-७००० गोंदाचा केसाएवढा धागा पिनांवर बसलेला असतो आणि नुसत्या डोळ्यांना अजिबात दिसत नाही. तो मऊ ब्रश आणि ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, थिनर वापरू नका. पट्टी फ्रेमच्या फटीतून मागे येते तिथे तिला कडक घडी किंवा काप पडलाय का तेही पाहा. कनेक्टर वरून सरळ बसवा, आधी एक टोक, मग दुसरं, आणि टक् असं जाणवलं पाहिजे. त्यावरची पत्र्याची पट्टी स्क्रू लावून परत बसवाच, कारण कनेक्टर जागेवर धरून ठेवायचं काम तीच करते. स्क्रू ज्याच्या त्याच भोकात जाऊ द्या. लांब स्क्रू चुकीच्या जागी घुसला तर बोर्डाच्या आतल्या लाइनी कापतो.

एवढं करूनही खालची ओळ मेलेलीच राहिली तर निकाल लावणारी चाचणी एकच: जुनं पॅनल परत जोडा. फुटलेल्या काचेवर आधी सेलोटेप मारा, बोट कापेल. जुन्याचा टच खालपर्यंत चालला तर नवं पॅनल खराब, विषय मिटला. जुनंही त्याच जागी मुकं राहिलं (आणि तिथेच फुटलेलं नसेल) तर दोष बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये किंवा त्यामागच्या सर्किटमध्ये आहे. अशा वेळी दुसरा कॉम्बो आणून पैसे पाण्यात घालू नका. मायक्रोस्कोपखाली चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडेच फोन द्या.

सिस्टिम अपडेटनंतर लगेच टच गेला असेल तर गोष्ट निराळी. २०१८ साली आयओएस ११.३ आल्यावर बाहेरचा डिस्प्ले बसवलेल्या काही आयफोन ८ चा टच बंद पडला होता, आणि ॲपलने ११.३.१ मध्ये तो दुरुस्त केला. अँड्रॉइडमध्येही एकाच मॉडेलला दोन-तीन कंपन्यांची पॅनल असतात, त्यामुळे कस्टम रॉम (कंपनीची सोडून दुसऱ्या कुणी बनवलेली सिस्टिम) टाकली असेल तर तीही संशयाच्या यादीत घ्या.

नवं पॅनल घ्यावंच लागलं तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की ऑनलाइन, टेस्टिंगची हमी विचारून घ्या. फिल्म न काढता, गोंद न लावता, नुसतं जोडून पॉइंटर लोकेशनवर पूर्ण स्क्रीन फिरवा आणि चार्जरवरही लावून बघा. समाधान झालं तरच चिकटवा. गोंद वाळेपर्यंत रबरबँड कडेला बसतील असे लावा. मधोमध घट्ट आवळले तर एलसीडीवर पांढरे डाग पडतात.