लेफ्टनंट डॅनचे पाय आणि मामांचा जिना

मागच्या अंकात याच पानावर एक ओळ टाकली होती, की सैनिकांसाठी काही करणाऱ्या नटांबद्दल विचारायचं असेल तर लिहा. वाटलं चार-दोन पत्रं येतील. आली ढीगभर, आणि निम्म्याहून जास्त एकट्या गॅरी सिनीसबद्दल, म्हणजे 'फॉरेस्ट गम्प' सिनेमात व्हिएतनामच्या लढाईत पाय गमावलेला लेफ्टनंट डॅन झाला तो नट. माणूस अमेरिकेतला आणि पत्रं खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूरची! आधी नवल वाटलं, मग म्हटलं यात नवल कसलं, आपल्या भागात गल्लीत एक तरी घर असं असतंच की देवाच्या फोटोशेजारी पलटणीचा ग्रुप फोटो टांगलाय आणि त्यात आजोबा कुठले ते घरातलं शेंबडं पोर पण बोट ठेवून दाखवतं. सगळी पत्रं छापायला जागा नाही, राग मानू नका.

प्रश्न (खानापूर तालुका): माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मुलानं मोबाइलवर 'फॉरेस्ट गम्प' लावला होता. काका लांब बसून बघत होते, लेफ्टनंट डॅन व्हीलचेअरवर आला तसे उठून जवळ येऊन बसले आणि म्हणाले, हा माणूस खरा फौजी असणार, नाहीतर असं बसता येत नाही. हे खरं काय? आणि त्याला खरंच पाय नाहीत काय?

काकांना नमस्कार सांगा आणि जरा जपून सांगा, कारण दोन्ही उत्तरं 'नाही' अशीच आहेत. सिनीसचे दोन्ही पाय धडधाकट आहेत आणि तो फौजेत एक दिवसही नव्हता. जन्म 17 मार्च 1955, शिकागोजवळच्या ब्लू आयलंड गावचा. तो हायस्कूल संपवून बाहेर पडला 1974 ला, आणि व्हिएतनामसाठीची सक्तीची भरती तिकडं 1973 लाच बंद झाली होती, म्हणजे थोडक्यात सुटला. पायांचं म्हणाल तर शूटिंगच्या वेळी गुडघ्यापासून खाली निळं कापड चढवायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर तेवढा भाग पुसून टाकायचे. 1994 साली हे एवढं नवं होतं की बघणाऱ्याला कळतच नव्हतं, त्या सिनेमाला मिळालेल्या सहा ऑस्करमधलं एक याच करामतीचं.

पण काका म्हणतात ते मला खोटं वाटत नाही. माझे मामा पण पाय गमावून घरी आलेले. त्यांचं बसणं मी लहानपणापासून बघतोय. काठी आधी भिंतीला, मग दोन्ही हात कॉटच्या कडेवर, मग सगळं वजन मनगटावर घेऊन अंग खाली सोडायचं, आणि बसल्यावर पण एक हात कडेवर तसाच, जणू कॉट कुठं पळून जाणार आहे. हे कोणी शिकवून येत नाही. सिनीसला ते आलं कारण तो असल्या माणसांत बसला होता. बायकोचे, म्हणजे मॉयरा हॅरिसचे, भाऊ व्हिएतनामला जाऊन आलेले, त्यांच्याकडून त्यानं ते सगळं ऐकलेलं. शिवाय मित्रांबरोबर स्टेपनवुल्फ नावाची नाटक कंपनी काढलेली, 1974 ला, सुरुवात एका चर्चमध्ये, आपल्याकडं देवळाच्या मंडपात व्हायची तशी. त्या कंपनीत 1984 ला त्यानं 'ट्रेसर्स' हे नाटक बसवलं, जे व्हिएतनामहून परत आलेल्या सैनिकांनीच मिळून रचलेलं. म्हणजे लेफ्टनंट डॅन मिळायच्या दहा वर्षं आधीपासून तो या लोकांचं बोलणं कान देऊन ऐकत होता. काकांनी नेमकं तेच पकडलं असणार.

प्रश्न (निपाणी): नट लोक शंभर रोल करतात, पोलिसाचा रोल केला म्हणून कोण चौकीत जाऊन बसत नाही. हा एका रोलवरून सैनिकांच्या एवढा मागं का लागला?

खरं बघितलं तर सैनिक त्याच्या मागं लागले. सिनेमा आला आणि अमेरिकेतल्या जायबंदी माजी सैनिकांची जी मोठी संघटना आहे तिनं त्याच वर्षी त्याला आपल्या अधिवेशनाला बोलावलं. हॉलमध्ये कोण व्हीलचेअरवर, कोण कुबड्यांवर, कोणाला दिसत नाही, आणि सगळे मिळून टाळ्या वाजवतायत कोणासाठी, तर ज्याचे पाय निळ्या कापडात गुंडाळले होते त्याच्यासाठी. तुम्ही असता तर कुठं तोंड लपवलं असतं सांगा बघू.

त्यांना तो एवढा का भावला त्याचं पण कारण आहे. व्हिएतनामवर तिकडं जे सिनेमे निघाले त्यात परत आलेला सैनिक बहुतेक वेळा वेडा तरी व्हायचा नाहीतर मरायचा. लेफ्टनंट डॅन आधी दारू पितो, देवाला शिव्या घालतो, मला का वाचवलंस म्हणून सिनेमाच्या हिरोच्या, फॉरेस्टच्या, अंगावर धावतो, आणि शेवटी मित्राच्या लग्नाला टायटॅनियमच्या पायांवर चालत येतो, शेजारी होणारी बायको. धंदा पण बरा चाललेला. ज्यांची घरी आल्यावर कोणी विचारपूस केली नव्हती त्यांनी पहिल्यांदा पडद्यावर आपला एक माणूस मार्गी लागलेला बघितला.

तरी पूर्ण वेळ या कामात तो पडला ते 11 सप्टेंबर 2001 नंतर. 2003 ला इराकमध्ये सैनिकांना भेटायला गेला तर पोरांना याचं नावच माहीत नाही, जो तो 'लेफ्टनंट डॅन, लेफ्टनंट डॅन' करून हाका मारतोय. त्यानं मनाला लावून घेतलं नाही, उलट व्हिएतनामला जाऊन आलेल्या किमो विल्यम्स या संगीतकाराबरोबर बँड काढला आणि त्याचं नावच लेफ्टनंट डॅन बँड ठेवलं. हा स्वतः बास गिटार वाजवतो. शाळेत असताना पण बँडवालाच होता, केस वाढवलेला, अभ्यासात यथातथा, कॉरिडॉरमध्ये उभा दिसला म्हणून नाटकाच्या मॅडमनी टवाळ पोरांच्या टोळीतल्या रोलसाठी बोलावलं, तिथून हे सगळं सुरू झालं. 2004 ते 2013 टीव्हीवर 'सीएसआय: न्यूयॉर्क' चालली, त्यात हा मॅक टेलर, तो पण माजी सैनिकच, आणि त्या नऊ वर्षांत सुट्टी मिळाली की बँड घेऊन कुठल्या ना कुठल्या लष्करी तळावर.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): मी निवृत्त शिक्षक आहे. शाल, नारळ, फोटो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, हा प्रकार आम्ही 15 ऑगस्टला दरवर्षी बघतो. तुमचा हा सिनीस वेगळा कसा?

सर, तुमची शंका रास्त आहे. मी पण आधी असाच नाक मुरडून वाचायला बसलो होतो. माझं मत बदललं ते दरवाजाच्या रुंदीमुळं.

म्हणजे असं, 2011 ला त्यानं स्वतःच्या नावाची संस्था काढली आणि तिचं एक मोठं काम म्हणजे जबर जखमी झालेल्या सैनिकांना घरं बांधून देणं. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. व्हीलचेअर कुठं न घासता आत जाईल एवढे दरवाजे, बसून स्वयंपाक करता येईल असा ओटा, खुर्चीसकट आत जाता येईल अशी उंबरा नसलेली बाथरूम, दिवे आणि पडदे हातातल्या टॅबलेटवरून. याच्या थोडं आधी इराकमध्ये दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेलेला एक जवान होता, न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडचा, त्याच्या घराला पैसे उभे करायला यानं बँड घेऊन जाऊन शो केला, तिथून हे घरांचं काम वाढत गेलं. शहिदांच्या मुलांना डिसेंबरात डिस्ने वर्ल्डला नेतात, दुसऱ्या महायुद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांना न्यू ऑर्लिन्सच्या युद्ध संग्रहालयात. ते चांगलंच आहे, पण मला विचाराल तर बाथरूमचा उंबरा काढणं हे सगळ्यात मोठं, कारण शाल देणाऱ्याला उंबरा दिसत नाही.

आता आमच्या मामांचं सांगतो. मागच्या दाराला जुना सागवानी उंबरा, वीतभर उंच, रोज हळदकुंकू लागतं त्याला. मामांनी चाळीस वर्षं तो ओलांडला, पडले तीनदा, मामी म्हणायची उंबरा काढायचा नसतो, लक्ष्मी जाते. शेवटी मामांनीच सुतार बोलावला. ते घरातलं झालं. एका वर्षी हयातीच्या दाखल्याला त्यांना घेऊन एका ऑफिसात गेलो, नाव कशाला सांगू, अंगठ्याचं मशीन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या. मी म्हटलं मशीन खाली आणा की हो दोन मिनिटं. तर म्हणाले वायर पुरत नाही. वायर! मामा काही बोलले नाहीत, कठड्याला धरून एकेक पायरी चढले, वर जाऊन अंगठा लावला, खाली आले, आणि घामानं भिजलेल्या शर्टावर रिक्षात बसताना म्हणाले, कारवारी चिवडा घे रे पावशेर, मामी वाट बघत असेल. हे सिनीसच्या ओट्याबद्दल वाचताना आठवलं म्हणून लिहिलं. आता मोबाइलवर चेहरा दाखवून पण हयातीचा दाखला काढता येतो, ज्यांच्या घरी असे मामा आहेत त्यांनी नोव्हेंबरच्या आधी एकदा बसून शिकून घ्या, अवघड नाही.

प्रश्न (चिकोडी): आपल्यात असा कोण नट नाही काय?

नाना पाटेकर आठवत नाही होय? 1991 च्या 'प्रहार'साठी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर ट्रेनिंग घेतलं, पुढं टेरिटोरियल आर्मीत दाखल झाला आणि 1999 ला कारगिलच्या वेळी वर्दी घालून गेला. सिनीसनं वर्दी फक्त कॅमेऱ्यापुढं घातली, नानानं दोन्हीकडं. दोघांची तुलना करण्यात अर्थ नाही, पण बेळगावातली म्हातारी माणसं 'प्रहार' लागला की आवाज वाढवतात एवढं खरं. सेंटर बेळगावात आहे 1922 पासून आणि पलटणीचा इतिहास जातो पार 1768 पर्यंत, त्यामुळं हा सिनेमा आपल्याकडं घरचा मानतात.

आणि नट सोडा. पाय गेलेल्या जवानाला उभं करायचं काम आपल्याकडं कोण करतं विचाराल तर पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, 1944 पासून. आणि खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, 1917 ला सुरू झालेली, तिथं जायबंदी सैनिकांना हाताला काम शिकवतात. मामांचा पहिला पाय पुण्याचाच. चामड्याचे पट्टे असलेला, पावसाळ्यात त्याला असा वास यायचा की मामी तो चुलीजवळ वाळत घालायची. नंतरचा हलका मिळाला, पण जुना अजून माळ्यावर आहे, टाकू देत नाहीत.

प्रश्न (हिंडलगा): लेफ्टनंट डॅनला ऑस्कर मिळालं काय? पैज लागली आहे.

नाही. नॉमिनेशन होतं, मिळालं मार्टिन लँडाऊला. जो हरला त्यानं कुंदा आणावा, अर्धा किलो इकडं पाठवायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी 'अपोलो 13' मध्ये तो पुन्हा टॉम हँक्सबरोबर, म्हणजे फॉरेस्ट झालेल्या नटाबरोबर, आला, अंतराळवीर केन मॅटिंगली, ज्याला जर्मन गोवराच्या भीतीनं ऐन वेळी यानातून उतरवलं आणि मग जमिनीवर बसून त्यानंच बिघडलेल्या यानातल्या बाकीच्यांना परत आणायला मदत केली. गंमत म्हणजे लेफ्टनंट डॅन आपल्या पायांबद्दल सांगतो की स्पेस शटलला जो धातू वापरतात तोच हा.

प्रश्न (येळ्ळूर): मी बीएला आहे. सिनीस आता सिनेमात फारसा का दिसत नाही?

घरचं कारण. 2018 ला एकाच उन्हाळ्यात बायकोला स्तनाचा कॅन्सर आणि मुलाला, मॅकला, कॉर्डोमा नावाचा मणक्याचा फार क्वचित होणारा कॅन्सर निघाला. बायको बरी झाली. मॅक ड्रमर, बापाच्या बँडबरोबर पण वाजवलेला आणि संस्थेत काम करणारा, त्याची ऑपरेशनांवर ऑपरेशनं झाली, अंग हळूहळू निकामी होत गेलं. ज्यानं दुसऱ्यांच्या पोरांसाठी रुंद दरवाजे केले त्याच्या स्वतःच्या घरात व्हीलचेअर आली. यावर मी काही लिहीत नाही, लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नाही. बापानं शूटिंग सोडलं आणि पोराजवळ बसला. मॅकनं त्या अवस्थेत आपलं अर्धवट राहिलेलं संगीत पुरं केलं, अल्बमचं काम झालं, आणि 5 जानेवारी 2024 ला तो गेला, 33 वर्षांचा होता.

प्रश्न (शहापूर, बेळगाव, इयत्ता आठवी): लेफ्टनंट डॅन बँड बेळगावला येईल काय?

बाळा, तो लांबचा आहे, पण आपल्याकडं पण बँड आहे की. मराठा सेंटरमध्ये नव्या जवानांची कसम परेड असते तेव्हा त्यांचा बँड वाजतो. गावागावांतून आई-बाप टमटम करून येतात, पोराचं टक्कल बघून आया आधी रडतात आणि मग डबा उघडतात. तुझ्या ओळखीत कोणाचा भाऊ भरती झाला असेल तर त्यांच्याबरोबर जा. सकाळी लवकर जायला लागेल आणि टोपी घेऊन जा, ऊन फार लागतं.