जुन्या घरातल्या ऐनाच्या तुळया नव्या घराच्या चौकटींना चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाहूवाडीकडचं आजोबांचं ऐंशी वर्षांचं मातीचं घर उतरवलं, त्यातनं ऐनाच्या (हिरडा-अर्जुनाच्या कुळातल्या रानझाडाच्या) नऊ तुळया आणि ढीगभर वासे निघाले. कोल्हापुरात नवीन बांधकाम चालू आहे. सुतार म्हणतो, "ऐन वाकतो, फाटतो, सरपणाला द्या आणि सागवान घ्या." वडील म्हणतात लाकूड टाकायचं नाही. ऐकायचं कुणाचं?

वडिलांचं. सुतार खोटं बोलत नाही, पण तो ओल्या ऐनाबद्दल बोलतोय आणि तुमच्याकडे आहे ते ऐंशी उन्हाळे काढलेलं लाकूड. या दोन्हींत इतका फरक आहे की दोन वेगळी झाडं म्हटली तरी चालेल.

आमच्या घरात सुतारकी तीन पिढ्यांची. ओल्या ऐनाचा फटका मी स्वतः खाल्लाय, तो आधी सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी चंदगडकडच्या एका गिऱ्हाईकानं स्वतःच्या रानातला ऐन रीतसर परवानगी काढून तोडला होता. जानेवारीत तोड, फेब्रुवारीत फळ्या आणि पाडव्याला वास्तुशांत, म्हणून मार्चमध्ये मी दारं बसवून मोकळा. रंधा मारल्यावर असली देखणी दारं दिसत होती की मीच फोटो काढून ठेवले. एप्रिलमध्ये गिऱ्हाईकाचा फोन, "मिस्त्री, रात्री दार वाजतंय." वाजत म्हणजे फाटत होतं. जाऊन बघितलं तर मधल्या फळीला वरपासून हातभर चीर आणि खालचा कोपरा चौकटीपासून अंगठाभर बाहेर. दारं उचलून आणली आणि पदरचे पैसे घालून सागाची करून दिली. चूक लाकडाची नव्हती, घाई माझी होती.

ऐन असा का वागतो, हे कळलं की तुमच्या तुळयांचं काय करायचं ते आपोआप कळेल. एक तर लाकूड जड. वाळलेल्या ऐनाचं घनमीटरला साधारण 850 किलो वजन भरतं, सागाचं 650 च्या आसपास. आपल्या घनफुटाच्या हिशेबात ऐन 24 किलो आणि साग साडेअठरा. एवढ्या घट्ट लाकडातलं पाणी लवकर बाहेर येत नाही. वरचा थर वाळून आकसायला लागतो, आत अजून ओल असते, मग वरचा थर चिरतो. दुसरी गोष्ट नस, म्हणजे लाकडातल्या धाग्यांची दिशा. ऐनाची नस सरळ जात नाही. काही वर्षं एका बाजूला झुकून वाढते, मग उलट्या बाजूला, असे थरावर थर. त्यामुळे फळी वाळताना नुसती आकसत नाही, पिळते. सागाचं आकसणं मुळातच कमी, वर त्यात तेलकटपणा, म्हणून तो सुताराचे अपराध पोटात घालतो.

पाण्यावरून आठवलं. 2024 च्या मार्चमध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वन खात्याच्या लोकांनी ऐनाच्या खोडाला छेद दिला आणि नळ सोडावा तशी धार लागली. तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. उन्हाळ्यात काही ऐन खोडात असं पाणी धरून ठेवतात. आता असलं झाड तोडून महिन्यात दार करायला निघालेला माणूस किती शहाणा, ते तुम्हीच ठरवा.

जुने लोक पावसाळा संपल्यावर ऐन तोडायचे, ओला असतानाच चिरून घ्यायचे, टोकांना डांबर फासायचे आणि मधे पट्ट्या घालून सावलीत थप्पी लावायचे. वारा थेट लागणार नाही अशा जागी. तुमच्या तुळयांना एवढंही करावं लागलं नाही, छपराखाली चुलीच्या धुरात वाळल्या त्या. जी काही खोड होती ती केव्हाच काढून झाली. ज्या तुळईला फाटायचं होतं ती फाटलेली दिसेल, जी सरळ राहिली ती आता सरळच राहणार.

आता हे लाकूड ऐनच आहे का, याची खात्री करा, कारण खेड्यातल्या घरात किंजळ, जांभूळ, फणस, मिळेल ते वापरलेलं असतं. टोकाकडनं वीतभर तुकडा कापा आणि कापलेली बाजू पटाशीनं गुळगुळीत करून पाण्याचं बोट फिरवा. ऐनाचा गाभा तपकिरी, त्यात काळपट रेघा. बारीक छिद्रं दिसतील आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं, काही ठिकाणी ती कडी एकमेकांना जोडलेली. सागाला चामड्यासारखा वास येतो आणि हाताला मेणचट लागतो, ऐनाला तसा वास नाही. किंजळ त्याचा सख्खा भाऊ, रंगानं थोडा फिका. किंजळ निघाला तरी चौकटीला बिनधास्त वापरा. जुना फणस पिवळसर सोनेरी असतो, तो सापडला तर चौकटीत घालवू नका, देवघरासाठी ठेवा.

वापरायचं कुठे? चौकटी, उंबरे, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, बाकडी, पलंगाचे पाय. जिथं वजन पेलायचं आणि झीज सोसायची तिथं ऐन. दाराच्या फळ्यांना, कपाटाच्या पल्ल्यांना, रुंद आणि पातळ कशालाही नको. जुनं झालं तरी आपल्याकडच्या पावसाळ्यात थोडं फुगतंच, आणि वजनानं बिजागऱ्या रडतात. दारं सागाची करा. म्हणजे सुताराचाही मान राहिला.

हिशेब सांगतो. तुळई 8 बाय 6 इंच आणि 10 फूट लांब धरली तर 3.33 घनफूट, म्हणजे 80 किलो. उचलायला चार माणसं लावा. तिच्यातनं 5 बाय 3 इंचाचे दोन नग निघतात, प्रत्येक नगात 7 फुटाचा उभा आणि 3 फुटाचा आडवा. म्हणजे टोकं शाबूत असतील तर एका तुळईत 7 बाय 3 ची एक चौकट, उंबऱ्यासकट. वजन 50 किलो भरेल, सागाची तीच 38-39. पण भिंतीत गाडलेली टोकं बहुतेक ओलीनं गेलेली असतात, म्हणून नऊ तुळयांत सहा चौकटी धरून चाला. हल्ली चौकटीला सर्रास मलेशियन साल नावाचं बाहेरून आलेलं लाकूड घेतात. त्याच्यापेक्षा हे लाकूड मी केव्हाही पसंत करीन.

चिरायला नेण्याआधी खिळे काढा. सगळे. आमच्या वडिलांनी एका वाड्याच्या तुळईतला हातानं घडवलेला खिळा सोडला आणि मिलमधलं पातं तुकडे होऊन उडालं. कुणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून जुनं लाकूड म्हटलं की मिलवाले आधी पात्याचे पैसे बोलून घेतात आणि ते बरोबरच आहे. बाजारात हातात धरायचं धातुशोधक यंत्र मिळतं, ते काळ्याकुट्ट धुरकटलेल्या लाकडावरून फिरवा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पहिला काप पडेल तेव्हा जवळ उभे राहा. बाहेरून कोळसा वाटणारी तुळई आतून चहाच्या रंगाची निघते, काळ्या रेघांसकट. आजवर एवढ्या तुळया चिरल्या तरी त्या क्षणी मी अजून हातातलं काम सोडून बघतो.

कडेला पांढरट लाकडाचा पट्टा दिसला तर तो निर्दयपणे काढून टाका. ऐनाचा गाभा बऱ्यापैकी टिकतो, पण या पांढऱ्यात किडा शिरतो आणि खाली पीठ पडत राहतं. गाभ्यालाही अमर समजू नका. रेल्वेच्या स्लीपरांना ऐन वापरला जायचा तो क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं तेल, पाजूनच. म्हणून चौकटीची भिंतीकडची बाजू आणि उंबऱ्याची खालची बाजू यांना डांबराचे दोन हात द्या, आणि वाळवीचं औषध पाया भरतानाच मारून घ्या.

चिरल्यावर लगेच रंध्यावर घेऊ नका. जुन्या लाकडात अडकलेला ताण कापल्यावर मोकळा होतो, कधी नग थोडा धनुष्यासारखा येतो. तीन आठवडे पट्ट्या घालून सावलीत ठेवा, मग सरळ करा. रंध्याचं पातं रोजच्यापेक्षा जास्त वेळा पाजळावं लागेल, आणि उलटी नस आली की लाकूड उपसून येतं. तिथं पातं अगदी कमी बाहेर काढून हलके हात मारायचे, नाहीतर पॉलिश पेपर. खिळा सरळ ठोकायला जाल तर वाकेल, नाहीतर लाकूड चिरेल, आधी गिरमिटानं भोक पाडा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधं लोखंड ओलाव्यात ऐनाला लागलं की भोवती काळा डाग धरतो. ऐन, हिरडा, बेहडा, अर्जुन सगळे एकाच कुळातले, सगळ्यांत तुरटपणा भरलेला. आपल्या चपलांचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात ते त्याच तुरटपणाच्या जोरावर. लोखंड आणि तुरट रस एकत्र आले की शाई तयार होते, पूर्वी लिहायची शाई अशीच करत. तुमच्या चौकटीवर ती नको असेल तर होल्डफास्टलाही, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीलाही, आधी रंग मारून घ्या.

पॉलिशआधी छिद्रं भरून घ्यावी लागतात, नाहीतर चकाकी खडबडीत दिसते. मला विचाराल तर चकाकी नकोच. जवसाचं तेल कोमट करून दोन-तीन हात चोळा.

वाहतुकीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. झाडं तोडण्याच्या नियमनाचा महाराष्ट्राचा 1964 चा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन येतो. तो उभ्या झाडाबद्दल आहे, पण रस्त्यात टेम्पो अडवणाऱ्याला तुळई जुन्या घराची की परवा तोडलेली हे तोंडानं पटवता येत नाही. घर उतरवतानाचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवा, आणि निघण्याआधी तिथल्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात पास लागतो का ते विचारून घ्या. चिरायला चौकटीच्या मापानंच द्या, माप सुताराकडून लिहून घेऊन. वासे चिरायच्या भानगडीत पडू नका, त्यांचे पटाशीचे दांडे चांगले होतात. माझ्या हातातला सध्याचा तसल्याच एका वाशाचा आहे.